कोल्हापुरी जीभ आणि क्राफ्ट बिअर: सहा ग्लास, आठ परीक्षक

ओतकामवाला (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

परवाच्या शनिवारी आमच्या फुलेवाडीच्या गच्चीवर आठ जणांनी बसून सहा तऱ्हेच्या क्राफ्ट बिअर (छोट्या ब्रुअरींनी थोड्या प्रमाणात बनवलेल्या) चाखल्या, गुण दिले, आणि शेवटी गुणांवरून वाजलं. ते अजून मिटलेलं नाही, म्हणून हा धागा.

मी शिरोलीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. कामाला म्हणून महिन्यातून एक चक्कर पुण्याला होते. या खेपेला तिथल्या दोन ब्रुअरींमधून बाटल्या, कॅन आणि एक ग्राउलर (नळावरची बिअर भरून न्यायची मोठी बाटली) असा माल घेऊन आलो. बिलं जपून ठेवलेली, परवाना खिशात. ब्रुअरींची नावं मात्र लिहिणार नाही. एक तर धागा जाहिरातीचा वाटायला नको. दुसरं, माल माझ्या गाडीतनं आलाय. त्यात काही बिघडलं असेल तर दोष बनवणाऱ्याचा का आणणाऱ्याचा, हे मी छातीठोक सांगू शकत नाही.

गुण द्यायला बीजेसीपीचा तक्ता घेतला. बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम, अमेरिकेत १९८५ पासून चालू आहे. एकूण ५० गुण: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकंदर मताला १०. दिसण्याला फक्त ३ हे बघून मला बरं वाटलं. वरून चकाचक आणि आत ब्लोहोल (वायूनं पडलेली पोकळी) असली कास्टिंगं रोज बघतो मी.

अडचण आली ती शब्दांची. तक्त्याबरोबरच्या माहितीत टॉफी, ग्रेपफ्रूट, पाइन असलं काय काय लिहिलेलं. आमच्यातल्या एकानंही पाइनचं झाड कधी हुंगलेलं नाही. मग ठरलं की ज्याला जे आठवेल ते त्यानं आपल्या घरच्या शब्दात लिहायचं. निकाल असा (आठ जणांची सरासरी):

पिल्सनर, २७. पिवळीधमक, फेस चांगला. वास नव्या कडब्याच्या पेंढीसारखा. मागनं हलका कडूपणा येतो, मेथीची जून काडी चावल्यासारखा. एक गडी म्हणाला, "ही तर आपली नेहमीचीच की रे."

विटबिअर, ३८. गढूळ, ताकाच्या निवळीसारखी. हिच्यात धने आणि संत्र्याची साल घालतात हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. वहिनींनी ग्लास नाकाशी नेला आणि पहिलंच वाक्य, "धने कुणी भाजलेत?" पांढऱ्या रश्शाबरोबर ही अशी काही जमली की दोघांनी गुण खोडून वाढवले.

हेफेवायझन, २४. पिकलेलं केळं आणि लवंग. प्रसादाच्या शिऱ्यात केळं घातलं की जो वास सुटतो, हुबेहूब तो. बिअरला केळ्याचा वास म्हणजे नक्की आंबली, असं समजून सगळ्यांनी गुण कापले.

आयपीए (इंडिया पेल एल), २१. ग्राउलरमधली. फेस जवळजवळ नाहीच. आधी ईडलिंबाची साल, मग कारलं. त्यावर तांबड्या रश्शाचा एक घोट घेतला आणि जो जाळ झाला तो झाला. मंगळवार पेठेत वाढलेला माणूस डोळ्यातनं पाणी काढत बसला होता.

स्टाउट, ३६. काळीकुट्ट, फेस बदामी. काकवी, करपलेल्या भाकरीचा पापुद्रा, भाजलेले शेंगदाणे. एकानं "भट्टीची राख" लिहिलंय, तो पण फौंड्रीतलाच.

ॲपल सायडर, ४१. सगळ्यांना आवडली. पहिला नंबर.

वाद इथंच आहे. माझं म्हणणं स्टाउट पहिली यायला पाहिजे होती. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

———

रंकाळ्याचा राजा

आयला, सहा ग्लास आणि आठ माणसं आणि त्यात मी न्हाई? फुलेवाडी आमच्या घरापास्नं किती लांब हाय लगा? रश्शाबरोबर कडू बिअर प्यायचं डोकं कुणाचं हुतं त्याचा सत्कार करूया बिंदू चौकात.

———

खडूस पेठकर

धाग्याचं शीर्षक बदला. सायडर ही बिअर नव्हे. ती सफरचंदाचा रस आंबवून करतात. बिअरला धान्य लागतं, मुख्यतः मोड आणून वाळवलेलं सातू (बार्लीचं माल्ट), आणि हॉप्स, म्हणजे कडूपणा देणारी एका वेलीची फुलं. बव्हेरियात १५१६ सालीच कायदा करून ठेवलाय की बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी एवढंच. तुम्ही बिअरच्या स्पर्धेत सायडरला पहिला नंबर दिलात, म्हणजे कुस्तीच्या फडात कबड्डीवाल्याला गदा दिलीत.

जाता जाता: महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी पुण्यात, २००९ साली. डूलाली. नोंद असावी.

———

ओतकामवाला

पेठकर, सायडरचं मान्य. गदा परत घेतो. पुण्याची नोंद पण घेतली, तुम्ही सांगितल्याशिवाय राहणार नव्हता हे माहीत होतं :)

पण १५१६ च्या त्या कायद्यात यीस्ट कुठं आहे? त्याशिवाय आंबणार कशी?

———

खडूस पेठकर

तेव्हा यीस्ट ही भानगड कोणाला माहीतच नव्हती. मागच्या घाण्यातला गाळ पुढच्यात घालायचे, झालं काम. आपण विरजण लावतो तसं. विरजणातले जंतू माहीत नसताना आपल्या आज्या दही लावतच होत्या.

———

म्युनिकस्थ शाहूपुरीकर

हेफेवायझनला २४?? हा धागा मी इथल्या सहकाऱ्याला भाषांतर करून दाखवला, त्यानं कपाळाला हात लावला.

अहो, केळं आणि लवंग हाच तर तिचा प्राण. हेफे म्हणजे यीस्ट, वायझन म्हणजे गहू. निम्म्याहून अधिक माल्ट गव्हाचं असतं आणि यीस्ट न गाळता तसंच ठेवतात. ते विशिष्ट यीस्टच आंबताना दोन वास तयार करतं, एक केळ्याचा, एक लवंगेचा. पिकत्या केळ्यात जो आयसोअमाइल ॲसिटेट असतो तोच इथंही. ना केळं घातलेलं असतं ना लवंग. ज्या ब्रुअरनं तुम्हाला प्रसादाचा शिरा आठवायला लावला त्यानं काम चोख केलंय.

आणि ओतलीत कशी? बाटलीतली तीन हिस्से ग्लासात घ्यायची, उरलेली बाटली गोल गोल फिरवून तळाचा गाळ हलवायचा आणि मग तो वरून ओतायचा. गाळ बाटलीतच ठेवून प्यालात तर निम्मी मजा बाटलीत राहिली.

———

ओतकामवाला

गाळ बघून मी शेवटचा हिस्सा बेसिनमध्ये ओतला.

———

म्युनिकस्थ शाहूपुरीकर

हे मी इथं कोणाला सांगणार नाही.

———

नाना मास्तर

मी घेत नाही, कधी घेतली नाही, आणि या वयात सुरुवात करायचा विचार नाही. तरी धागा शेवटपर्यंत वाचला, कारण लेखन चांगलं आहे. एवढी मेहनत करून वास आणि चव शोधायचीच आहे तर रात्री गंगावेशीत या. समोर म्हैस उभी, समोर धार काढलेली, फेसाळ पेला. फेसाला ३ पैकी ३.

———

ओतकामवाला

नाना, नमस्कार. शाळेत असताना वडिलांबरोबर कट्ट्यावर जायचो. येतो एकदा.

———

तिखटजाळ

मी डेअरीच्या लॅबमध्ये आहे. तूप, दूध, श्रीखंड चाखून गुण देणं हा माझ्या पगाराचा भाग आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही. धागाकर्त्यांनी राग मानू नये, पण या गुणपत्रकाला काडीचा अर्थ नाही. का ते सांगते.

बिअर किती थंड होती? तुम्ही टाकलेल्या फोटोत बर्फाची बादली दिसतेय. शून्याच्या आसपासचं काहीही चाखलं की जीभ बधिर होते आणि वास वर उठतच नाही. पिल्सनर ४ ते ७ अंशांना ठीक, आयपीए ७ ते १०, स्टाउट तर १० ते १३ ला बोलायला लागते. बर्फात बुडवून गुण दिलेत तर वासावर जगणाऱ्या बिअर मागे पडणार आणि साधी, सोपी तीच जिंकणार. तुमची सायडर त्यामुळेच पहिली आली असावी.

ग्लास कशानं धुतलेत? साबणाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही. तेलानंही मरतो. फोटोत ताटलीत जयसिंगपूरचं भडंग दिसतंय. भडंग खाऊन तेलकट ओठ ग्लासाला लावायचे आणि मग फेस नाही म्हणून गुण कापायचे, हे बरं नव्हे.

रश्शाचं सांगते. तिखटातलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. पाच-सहा टक्के अल्कोहोलनं त्याला काही फरक पडत नाही. उलट बिअरमधला वायू आणि हॉप्सचा कडूपणा जळजळ वाढवतात. म्हणून आयपीएवर तांबडा रस्सा म्हणजे आगीत रॉकेल. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध, तीळ, खसखस असते, तो तोंड शांत करतो. विटबिअरचे दोघांनी वाढवलेले गुण बिअरचे नव्हेत, रश्शाचे आहेत. रस्सा केलेल्या व्यक्तीला माझा नमस्कार सांगा.

आणि सगळ्यात मोठी चूक. तुम्ही बोलत बोलत गुण दिलेत. वहिनी "धने" म्हणाल्या त्या क्षणी बाकी सातांना धने लागले. डेअरीत पॅनेल बसतं तेव्हा प्रत्येकाच्या मध्ये पडदा असतो, बोलायला बंदी, आणि पेल्यांवर नाव नसतं, तीन आकडी नंबर असतो. १, २, ३ असाही नाही, कारण १ नंबरला लोक उगीच जास्त गुण देतात.

———

रंकाळ्याचा राजा

ताई, तुमच्या डेअरीत भरती हाय का? श्रीखंड खायाचा पगार मिळतोय म्हंजे काटा किर्रच की.

———

तिखटजाळ

खायचं नसतं, चाखून थुंकायचं असतं. सकाळी साडेनऊला, वीस नमुने. या.

———

रंकाळ्याचा राजा

र्‍हाऊ दे.

———

गुळव्याचा नातू

स्टाउटला काकवी म्हणणाऱ्याला दाद. माझे आजोबा गुऱ्हाळावर गुळव्या होते, करवीर तालुक्यात आठ-दहा गावांतून त्यांना बोलावणं यायचं. काहिलीतला रस उतरवायचा कधी हे ते थर्मामीटरनं नाही, पाण्यात चार थेंब टाकून ठरवायचे. थेंबाची गोळी झाली, बोटात दाबून बघितली, की हात वर. वासावरून त्यांना कळायचं की रानभेंडी जास्त पडली, का मळी नीट काढली नाही. चुलवाण जरा तापट झालं की गुळाला जो करपट वास येतो त्याला ते "जाळ लागला" म्हणायचे. स्टाउटचा वास मला तोच वाटतो. फरक एवढाच की गुळात तो दोष आणि इथं मुद्दाम आणलेला. सातूच भाजून भाजून काळं करतात.

मुद्दा असा की चाखून दर ठरवणं आपल्याला नवीन नाही. मार्केट यार्डात गुळाचे सौदे होतात तेव्हा रव्याचा रंग, कणी, चव बघूनच बोली लागते. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते असल्या जिभांच्या जोरावर. तेव्हा पाइन-बिइन सोडा. धागाकर्त्यानं घरचे शब्द वापरले हेच या धाग्यातलं सगळ्यात भारी काम आहे.

———

तिखटजाळ

नातूसाहेबांशी पूर्ण सहमत. त्या जोडीला दोषांचेही घरचे शब्द ठरवून घ्या, कामाला येतील. जुनी, हवा लागलेली बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास आला तर उकळणं कमी पडलं असण्याची शक्यता. लोण्यासारखा, थिएटरातल्या पॉपकॉर्नसारखा वास म्हणजे डायअ‍ॅसिटिल, यीस्टला काम पुरं करू दिलेलं नाही. हिरव्या सफरचंदाचा किंवा कच्च्या भोपळ्याचा वास म्हणजे बिअर कोवळी. आणि हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची बाटली उन्हात राहिली की हॉप्समधल्या घटकांपासून एक गंधकयुक्त संयुग तयार होतं, त्याचा वास मी इथं लिहीत नाही, संध्याकाळी जेवायचं असतं. तपकिरी बाटली त्यासाठीच असते.

———

ओतकामवाला

आता कबूल करून टाकतो. येताना कराडला जेवायला थांबलो. जुना वर्गमित्र भेटला, दोन तास गेले. गाडी उन्हात. बाटल्या-कॅन आइसबॉक्समध्ये होते, पण ग्राउलर त्यात मावला नव्हता, तो मागच्या सीटवर टॉवेलात गुंडाळलेला. घरी येऊन झाकण उघडलं तर फस्सकन निम्मा वायू गच्चीवर आणि चार घोट माझ्या शर्टावर. मग परत बर्फात ठेवला आणि कुणाला काही बोललो नाही.

आयपीएचे २१ गुण माझ्या गाडीला द्यावेत.

———

खडूस पेठकर

हाहाहा. म्हणजे ब्रुअरींची नावं न लिहिण्यामागचा थोरपणा हा होता तर.

———

ओतकामवाला

होय.

———

कट्टेकरी

एवढं कशाला करताय? गोव्याला जाऊन या की. तिथं पण मस्त क्राफ्ट बिअर झाल्यात. एट फिंगर एडी म्हणून आयपीए आहे, गोवा ब्रुइंग कंपनीची. दोन क्रेट टाकायच्या डिकीत, आंबोलीवरनं तासाभरात आजरा.

———

खडूस पेठकर

आणि चेकनाक्यावर एक्साइजवाल्यांनी डिकी उघडायला लावली की धागा "जामीन कसा मिळवावा" या विभागात हलवायचा. गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही. तिथं जाऊन, तिथंच बसून, तिथंच प्या.

———

संपादक मंडळ

कृपया राज्याबाहेरून मद्य आणण्याबाबत किंवा विनापरवाना घरी बिअर तयार करण्याबाबत सल्ले देऊ नयेत. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी वय २१ आणि कडक मद्यासाठी २५ लागते, हे तरुण सदस्यांनी लक्षात ठेवावे. पिऊन गाडी चालवू नये. चर्चा चालू द्या, आम्हीही वाचतो आहोत.

———

ओतकामवाला

तीन आठवडे झाले. फेरी दुसरी पार पडली. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

तिखटजाळताईंना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून रीतसर आमंत्रण दिलं, त्या आणि त्यांचे यजमान दोघं आले. ताईंनी येताना डेअरीतला थर्मामीटर आणला. (आमच्याकडं पायरोमीटर आहे, पण तो १४०० अंशांच्या लोखंडात बुडवायचा, बिअरला काय लावणार.) पाऊस लागल्यामुळं गच्ची रद्द, हॉलमध्ये सतरंजी. भडंग कुलपात. मध्ये तोंड साफ करायला कोरी भाकरी आणि पाणी. ग्लास गरम पाण्यानं तीनदा विसळलेले. या खेपेला सगळा माल आइसबॉक्समध्ये आणि कराडला न थांबता आणला, आयपीए कॅनमधली. वर्गमित्राचा फोन आला होता, उचलला नाही.

ताई आतल्या खोलीत ओतणार, त्यांचे यजमान ट्रेमधून आणणार, आम्ही आठ जण भिंतीकडं तोंड करून ओळीत बसलेलो. ग्लासांवर ५३८, २१४ असले नंबर. हलकीपासून गडदपर्यंत असा क्रम. बोलायचं नाही. मोठ्या वहिनी आल्या, आम्हाला भिंतीकडं बघून बसलेलं पाहिलं आणि विचारलं, "मास्तरांनी शिक्षा केलीय का?" गृहपाठ न केलेल्या पोरांसारखे दिसत होतो आम्ही, यात शंका नाही.

गुण: हेफेवायझन ३९, स्टाउट ३८, आयपीए ३५, विटबिअर ३४. सायडर स्पर्धेबाहेर. आयपीए थेट २१ वरून ३५ ला गेली. ईडलिंबाची साल तशीच होती, पण कारलं गेलं आणि त्याजागी पिकत्या पेरूचा वास आला. थोडी कोमट होऊ दिली तेव्हा तर आणखी खुलली. स्टाउट १२ अंशांना दिली, मोजून. काकवी होतीच, पण या खेपेला शेवटी ताज्या दळलेल्या कॉफीसारखं काहीतरी घशाशी रेंगाळलं. गारठलेली होती तेव्हा यातलं काहीसुद्धा लागलं नव्हतं.

आता पिल्सनर. ती सांगायला जरा जड जातंय.

ग्लास एकूण सहा होते. मला वाटलं ताईंनी एखादी नवीन बिअर घातली असेल. मी २१४ नंबरला २६ गुण दिले आणि लिहिलं, "पुठ्ठ्याची झाक, जुनी वाटते." ७६१ नंबरला ३३ दिले आणि लिहिलं, "कडब्याचा ताजा वास, स्वच्छ, कडूपणा बेताचा, बनवणाऱ्याला शाबासकी." दोन्ही एकाच बाटलीतल्या होत्या. एकाच बाटलीतल्या, एकाच वेळी ओतलेल्या. कागद माझ्या अक्षरात माझ्यासमोर पडलेला. २० वर्षं क्वालिटीत आहे मी.

———

रंकाळ्याचा राजा

नाद खुळा!!! पुठ्ठ्याची झाक!!! खुळ्या, पुठ्ठा तुझ्या नाकात हाय.

———

तिखटजाळ

धागाकर्त्यांनी हे स्वतःहून लिहिलं याबद्दल त्यांचं कौतुक. डेअरीत नवीन आलेल्या प्रत्येकाला आम्ही असा जुळा नमुना देतो आणि प्रत्येकजण त्यात सापडतो. मीही सापडले होते, श्रीखंडात. आता ५० पैकी सात गुणांचा फरक ही तुमची स्वतःची चूक किती मोठी असते ते तुम्हाला कळलं. याचा अर्थ ३९ आणि ३८ मध्ये कोण पहिलं हे भांडण तुम्हाला भांडताच येत नाही. सायडर-स्टाउटवरून घरात झालेलं भांडणही मागे घ्या.

दुसरी परीक्षा मी घेतली होती, त्याचं त्यांनी लिहिलं नाही.

———

ओतकामवाला

लिहिणार होतो, उद्या.

बरं, लिहितो. तीन ग्लास दिले. दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास कुठला, एवढंच सांगायचं. एक होती पुण्याहून सांभाळून आणलेली पिल्सनर, दुसरी कोपऱ्यावरच्या दुकानातली रोजची लागर. किंमत निम्म्याहून कमी. आठांपैकी तिघांनी बरोबर ओळखलं.

———

तिखटजाळ

डोळे मिटून बोट ठेवलं तरी तिघांत एकाचं बरोबर येतं, म्हणजे आठ जणांत दोन-तीन नुसत्या नशिबानं. खरंच ओळखता येतंय असं म्हणायला आठांपैकी किमान सहा लागतात. तीन म्हणजे अंदाजपंचे.

पण यावरून क्राफ्ट बिअर म्हणजे फसवणूक असा अर्थ कोणी काढू नका. पिल्सनर आणि नेहमीची लागर चुलत बहिणी आहेत, बावीस-पंचवीस घोटांनंतर त्यांच्यात फरक करणं कठीण. हीच परीक्षा हेफेवायझन आणि लागर घेऊन केली असती तर आठच्या आठ पास झाले असते.

———

गुळव्याचा नातू

एक शंका आहे. हेफेवायझन २४ वरून ३९ ला गेली. गाळ या खेपेला घातला, हे धरलं. थंडी कमी केली, धरलं. पण केळं लागलं म्हणून पहिल्यांदा गुण कापले आणि केळंच लागलं म्हणून आता वाढवले. मधल्या काळात फक्त म्युनिकवाल्यांचा प्रतिसाद आला. मग हे गुण जिभेचे का प्रतिसादाचे?

———

तिखटजाळ

फार नेमका प्रश्न. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला आवडली का, हा एक प्रश्न. ती जी असायला हवी तशी आहे का, हा दुसरा. बीजेसीपीचा तक्ता मुख्यतः दुसऱ्याचं उत्तर मागतो, त्या प्रकारचे ठरलेले गुणधर्म आहेत का ते बघतो. अनटॅप्डसारख्या ॲपवर लोक पाचपैकी जे गुण देतात ते पहिल्याचं उत्तर असतं. तुमच्या आजोबांना जाळ लागलेला गूळ मनातून आवडत असता तरी यार्डात त्यांनी त्याला वरचा दर दिला नसता.

———

गुळव्याचा नातू

आवडायचाच त्यांना. करपलेल्या काहिलीची खरवड खायचे पोळीबरोबर. दर मात्र द्यायचे नाहीत. पटलं.

———

म्युनिकस्थ शाहूपुरीकर

३९ बद्दल आभार. इथल्या सहकाऱ्याला कळवलं, तो म्हणाला गाळाचं बेसिनवालं प्रकरण माफ. विटबिअरबद्दल एक राहिलंच. हा प्रकार बेल्जियममधल्या हूगार्डन गावचा. १९५० च्या दशकात शेवटची ब्रुअरी बंद पडली आणि ती चव संपलीच होती. पुढच्या दशकात पिएर सेलिस नावाच्या माणसानं ती पुन्हा सुरू केली. तरुणपणी त्या ब्रुअरीत हाताखाली काम केलेलं, तेवढ्या आठवणीवर. आणि धंद्यानं तो कोण होता? दूधवाला.

———

नाना मास्तर

दूधवाल्यानं बिअर काढली म्हणजे त्या गावात दुधाला गिऱ्हाईक नसणार. आमच्याकडं असली वेळ आली नाही.

बाकी दुसरी फेरी वाचून हसलो खूप. भिंतीकडं तोंड करून बसवणं ही माझी पद्धत होती, चोरलीत. आता माझी एक सूचना आहे. तिखटजाळबाईंनी तीन पेले आणावेत. दोनांत गंगावेशीतलं म्हशीचं धारोष्ण, एकात पिशवीतलं. मी वेगळा पेला ओळखून दाखवतो. वय ७४, चष्मा आहे, नाक शाबूत आहे.

———

तिखटजाळ

नाना, पिशवीतलं दूध तापवून निवलेलं असतं आणि धारेचं कोमट, तुम्ही हात लावूनच ओळखाल. दोन्ही एकाच तापमानाला आणावं लागेल. थर्मामीटर आणते. शनिवारी चालेल?

———

नाना मास्तर

चालेल. रात्री नऊला. डोळ्याला पट्टी तुम्ही बांधा, ओतकामवाल्यानं नको.

———

रंकाळ्याचा राजा

ह्या टायमाला मला बोलवा हां. दूध असू दे न्हाईतर काय बी.